काळा तवा आन् पहिल्या हाकेची ओ

शाळेत मी एकदाच गेलो, ते मास्तरच्या पितळी डब्याले कलई कराले. तेवढंच माझं शिक्षन. म्हनून हे मी सांगून राहिलो आन् माझी सून लिहून राहिली. अक्षर वाकडं दिसलं तर ते तिचं, गोष्ट वाकडी गेली तर ती माझी. नाव कोनाचंच सांगत नाही. काहून, ते शेवटी समजन.

आमच्या भंडाऱ्याकडं पितळेचे भांडे लय. पितळेत आंबट शिजवलं का कळकते, म्हनून आतून कथलाची कलई लागते. मी लाखनीले राहो. सकाळी सायकलले भाता, कोळसे, नवसागर, कथलाची कांडी बांधो आन् गावोगाव हिंडो. लोकाइच्या भांड्यात त्याइचं तोंड दिसन इतकं चकचकीत करून देवो. माझ्या घरचं पातेलं मात्र काळंच. बायको म्हने, "यमराज जेवाले आला तर हे पातेलं पाहूनच वापस जाईन."

मंग घरोघरी स्टील शिरलं. स्टीलले कलई लागत नाही. माझा भाता उपाशी राहू लागला. तेव्हापासून मी कोनत्याबी कामाले "येते" म्हनू लागलो. छत्री? येते. स्टोव? येते. एका जनाच्या पेटीचं कुलूप उघडाले बसलो, ते असं पक्कं बसवलं का शेवटी पेटीच फोडावं लागली. त्यानंबी मले हसत हसतच हाकललं, कारन मी तेवढ्यात त्याच्या बायकोच्या आवाजात "अवो, जेवाले या" म्हनून हाक मारली होती.

हो, ते सांगाचं राहिलंच. माझा दुसरा धंदा नकलांचा. त्यात कमाई नव्हती, निसती मार खायाची सोय होती. कंडक्टर, बकरी, कोंबडा, भांडनाऱ्या जावा, कोनाचाबी आवाज काढो. बायको एकदा म्हने, "तुमचा सोताचा आवाज कोनता हो? लग्न झाल्यापासून आईकला नाही मी."

साकोलीच्या अंगाले, एकोडीच्या पुढं एक गाव आहे. तिथं एक मावशी राहे. माझ्या नात्यातली नाही, मी सगळ्याच बायांले मावशी म्हनतो. नवरा जुनाच वारलेला. धानाची थोडी जमीन, एक सपरी, म्हनजे घराच्या पुढची झाकलेली जागा, आन् त्या सपरीत टांगलेल्या पिंजऱ्यात एक राघू. दरसाल मी तिच्या अंगनात भट्टी लावो.

मधात दोन साल तिकडं जानं झालं नाही, तिसऱ्या साली अंगनात गंज, म्हनजे मोठं पितळी पातेलं, घासून राहिलो होतो. सडकेवर चारची एसटी आली, तिनं भोंगा वाजवला. तेवढ्यात सपरीतून पोरीचा आवाज आला, "माय, मी आली!"

आतून मावशी म्हने, "ओ, ये वं बाई."

मले वाटलं मागच्या दारानं पोरगी आली. मी माझ्या सवयीनं बोललोच, "मावशी, पोरगी सासरहून आली वाटते! आता आयते होतीन. एखादा या काळ्या तोंडालेबी देजा." आयते म्हनजे आमच्याकडचे तांदळाच्या पिठाचे पातळ धिरडे. लेकी घरी आल्या का होतेच.

मावशी दारात आली. पदरानं हात पुसत म्हने, "पोरगी गेली गा, कलईवाल्या. दोन पावसाळे झाले. कावीळ झाली होती सासरी. तो राघू बोलते."

जगात जेवढे विनोद आहेत तेवढे मले येतात, त्यातला एकबी त्या वेळेस मदतीले आला नाही.

पोरगी शाळेतून चारच्या एसटीनं येत होती, सडकेवरूनच वरडत होती. राघू तेच शिकला. एसटीचा भोंगा वाजला का तो तिच्या आवाजात म्हने. पोपटाच्या आवाजात नाही, तिच्याच. मधात थोडी धाप लागल्यासारखी, सडकेवरून पळत आल्यासारखी. आन् मावशी दर वेळेस ओ देत होती.

आता आमच्याकडं पहिल्या हाकेले कोनी ओ देत नाही. मानूस असन तर दुसऱ्यांदा मारन, तिसऱ्यांदा मारन. जे एकदाच हाक मारते ते मानूस नाही, असं लहानपनापासून कानात भरवलेलं. मी तर उधारीवाल्याच्या पाचव्या हाकेलेबी ओ देत नव्हतो. म्हनून मी भीत भीत म्हटलं, "मावशी, पहिल्याच हाकेले ओ देता?"

"एकदाच म्हनते ना तो," मावशी म्हने. "दुसऱ्यांदा म्हनतच नाही. मंग काय करू?"

पुढच्या साली चैतात गेलो तं मावशीनं एक तवा पुढं ठेवला. आतून काळा कुचकुचीत, भाईरून जरमलचा, म्हनजे अल्युमिनियमचा, लाकडी मुठीचा. त्या काळी आमच्या खेड्यात तसा तवा कोनी पाहिला नव्हता.

"हा काय, मावशी? याले तर कलई नको, आंघोळ पाहिजे."

"नानस्टिक आहे," मावशी म्हने. "याले काही चिकटत नाही म्हनते. पोरीनं नागपुरात घेतला होता. तिले आयते जमत नव्हते, चिकटत होते. सासरच्याइनं तिच्या लुगड्याइच्या संगं वापस पाठवला."

मी हातात घेऊन पाहिला. कोनीतरी लोखंडी उलथन्यानं खरवडला होता. मधात मधात काळे पापुद्रे निघून आयत्यात येत होते. मी म्हटलं, "मावशी, ज्याले काहीच चिकटत नाही, ते काळं सोता तव्याले कसं चिकटलं?"

मावशी पहिल्यांदा हसली. मंग म्हने, "हे काळं सारं काढून दे. पन हे पाह्य." तिनं माझं बोट धरून मुठीच्या जवळ, आतल्या काठावर ठेवलं. तिथं टोचलेले टिंबं होते. भांडं घेतलं का दुकानदाराकडून त्याच्यावर नाव टोचून घेतात, तसं पोरीनं आपलं नाव टोचून घेतलं होतं. "हे गेलं नाही पाहिजे. तिच्या हाताची बाकी वस्तू नाही माझ्यापाशी. लुगडे वाटून टाकले."

मी म्हटलं, "येते."

खरं सांगू? काही येत नव्हतं. मले वाचता येत नाही, मंग नाव राहिलं का गेलं ते कसं समजन? टिंबं काळ्यातच टोचले असतीन तर काळं निघालं का नावबी जाईन. खाली जरमलपर्यंत गेले असतीन तरच राहीन. मी बोटाच्या टोकानं टिंबं मोजले. वीसच्या पुढं मी विसा विसानं मोजतो. दोन विसा आन् सात. मंग कोळशानं भुईवर जसेच्या तसे काढून पाहिले, एकदा, दोनदा, दहादा, बोटाले पाठ होईपर्यंत. लोकं डोळ्यानं वाचतात, मी ते नाव बोटानं पाठ केलं.

पयले रेती घेतली. आम्ही मोठे गंज रेती टाकून, आत उभं राहून, पायानं घासतो, कमर हालवत हालवत. हा तवा एवढासा. मी एकच टाच ठेवली, गिरकी घेतली आन् ढुंगनावर आपटलो. राघू पिंजऱ्यातून शिट्टी मारून हसला. ते हसनं मीच शिकवलं होतं त्याले, मांगच्या साली. मंग समजलं का रेतीनं काळं निघन, पन टिंबंबी घासले जातीन. तेजाब जरमलले खाऊन टाकते. कास्टिक तर त्याच्याहून वाईट. घरी एकदा जरमलचं झाकन कास्टिकमधी टाकलं होतं, ते फसफस करून कागदासारखं पातळ झालं आन् बायकोनं मले त्याच्याहून पातळ केलं.

राहिली आंच. मी मनात म्हटलं, जे चिकटलं आहे ते तापवून सोडवू. पन जरमल मोठं दगाबाज. लोखंड तापलं का लाल होते, सांगते का बाबा मी तापलो. जरमल काही सांगत नाही, उभ्या उभ्या पानी होऊन जाते. त्याची एक तरकीब मले एका भांडेवाल्यानं सांगितली होती. खालच्या उघड्या बाजूले पिवळ्या साबनाची रेघ ओढाची. आंच लागली का रेघ बदामी होते, मंग काळी. काळी झाली का तवा उचलाचा. त्याच्या पुढं गेलं का गेलं.

भट्टी मी दरसाल अंगनातच लावो. त्या दिवशी वारं सुटलं होतं आन् अंगनात धानाच्या वाळल्या तनसीचा ढीग. एक ठिनगी गेली तर मावशीच्या घराचीच कलई झाली असती. शिवाय वाऱ्यानं आंच एका बाजूले लागते. म्हनून भट्टी सपरीत घेतली. तिन्ही बाजूनं बांबूचे तट्टे लावले, फटीत बोरे, म्हनजे रिकामे पोते, कोंबले. वारं बंद.

मावशी कपड्याची बादली घेऊन बोडीवर निघाली. बोडी म्हनजे गावाची लहानशी तळी. जाता जाता म्हने, "राघूले भाईर टांगू का रे? धूर होईन."

हे वाक्य मले आजबी तसंच आयकू येते.

मी म्हटलं, "राहू द्या, मावशी. नवसागरच्या धुरात मोठा झाला तो. माझा अर्धा चेला आहे. आन् मले सोबत पाहिजे." खरी गोष्ट अशी का मले त्याले एक नवी शिवी शिकवाची होती. मावशी घरी असताना ते जमत नव्हतं.

मावशी गेली. मी भाता हळू हळू मारला. साबनाची रेघ बदामी झाली, काळी झाली, तवा उचलला. थंडा झाल्यावर बांबूच्या कामटीनं खरवडलं, थोडंच निघालं. पुन्हा रेघ, पुन्हा आंच. तिसऱ्या खेपेले ते काळं भुरकट पडलं आन् वाळलेल्या पापडीवानी उलाले लागलं. मी खूश. त्याहून खूश या गोष्टीनं का धूर म्हनून निघालाच नाही. नवसागरचा कसा पांढरा लोट निघते, डोळे झोंबतात. याचा निसता पातळ, गोडसर वास. मी राघूले म्हटलं, "पाह्य बे, तुझ्या मालकिनीनं फुकटची चिंता केली."

राघू झुलून राहिला होता. चोच उघडी. मी म्हटलं, "काय गा, नशा चढला?" आन् सोताच्याच विनोदावर हसत ते उललेलं काळं कामटीनं काढू लागलो. शेवटची पापडी काढतच होतो का मागं थप् झालं. पिकलं सीताफळ पडल्यावानी.

पिंजऱ्याच्या तळाले राघू पडला होता. मी तट्टे फेकले, पिंजरा भाईर आनला, त्याच्या तोंडावर फुकलं, पानी टाकलं, त्याच्या शिट्टीत शिट्टी मारली. पाय ताठ. डोळ्यावर पापनी अर्धी.

तव्याकडं पाहिलं तर चांदीवानी चकाकून राहिला. बोट फिरवलं. दोन विसा आन् सात. एकबी टिंब गेलं नव्हतं.

तेवढ्यात सडकेवर चारच्या एसटीनं भोंगा वाजवला.

बोडीकडून मावशीच्या बादलीची कडी वाजत येऊन राहिली होती. भोंगा वाजला तशी कडी थांबली. मावशी उभी राहिली असन, आयकाले. मी पिंजऱ्यावर बोरा टाकला. मी विचार केला असं म्हनत नाही, विचार करनारा मानूस मी असतो तर राघू भाईर टांगला असता. माझं तोंड आपोआप उघडलं आन् त्यातून तिचा आवाज निघाला, धापेसकट.

"माय वं, मी आली!"

भिंतीच्या पलीकडून लगेच आलं, "ओ, ये वं बाई."

आजवर मी शंभर नकला केल्या, लोकं हसले, नाही तर मारले. ओ कोनी देल्ली नव्हती. मले असं वाटलं का माझ्या गळ्यात कोनीतरी येऊन उभं आहे, आन् आता जागा सोडत नाही.

मावशी आत आली. पिंजऱ्यावरच्या बोऱ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "झोपला. धुरानं डोळे नको झोंबाले म्हनून झाकला." तवा तिच्या हातात देल्ला. तिनं टिंबावर बोट फिरवलं, तिचे ओठ हालले. मी भाता बांधला, कोळसे गरम असतानाच पोत्यात भरले आन् सायकल अशी हानली का अर्ध्या रस्त्यात पोत्याले आग लागली. ते इझवता इझवताच मले हुडहुडी भरली. दोन दिवस मी गोधड्याइखाली दात वाजवत पडलो होतो. बायको म्हने मलेरिया. मी म्हटलं, हो. बायकोले सांगाले माझ्यापाशी आवाजच नव्हता.

तिसऱ्या दिवशी अंगात जीव आला तसा मी गेलो. दारात उभा राहिलो, हाक मारवेना. मावशीनंच पाहिलं.

"ये. कायले उभा आहेस?"

पिंजरा धुवून उलटा ठेवला होता. मी म्हटलं, "मावशी, माझ्या भट्टीनं गेला तो. कसं ते मले समजत नाही. पन माझ्यापाशीच गेला. आन् ते, ते मी..."

"मले माहीत आहे," मावशी म्हने. "राघू 'वं' खात होता. माय, मी आली, असंच म्हने. तू पुरं म्हटलंस. पोरगी पुरं म्हनत होती."

मी भुईवर टेकलो. मंग इचारलं, "समजलं होतं तर ओ काहून देल्ली, मावशी?"

ती चुलीकडं वळली. चुलीवर तोच तवा होता. तिनं पीठ टाकलं. आयता चिकटला, फाटला. तिनं कामटीनं सोडवला, दुसरा टाकला, तोबी चिकटला. "तोंडातून निघून गेली," ती म्हने. "सवय आहे." मंग तिनं तो फाटका आयता माझ्या पुढं ठेवला. "राघू म्हातारा झाला होता गा. जानारच होता. खा."

मी खाल्ला.

निघताना मावशी म्हने, "आता तो आवाज पुन्हा काढू नको. कुठंच. माझ्या दारात येशील तर तुझ्या आवाजात हाक मार."

मंग मी वर्षातून दोनदा जावो. सडकेवरून हाक मारो, "मावशी, कलईवाला आला!" पयले पयले तो आवाज मलेच अनोळखी वाटे, जाडा, फाटका. ती पहिल्याच हाकेले ओ देत होती. घरी आल्यावर बायकोले सांगितलं का माझा सोताचा आवाज सापडला. ती म्हने, "वापस ठेवा, नकलेचाच बरा होता."

लय वर्षानं लाखनीच्या सडकेवर, चहाच्या टपरीत, एका कारखान्यातला फिटर भेटला. त्याच्याकडं बेकरीचे साचे येत होते, तसंच काळं लावलेले, जुनं काढून नवं लावाले. मी इचारलं, "कसं काढता जी?" तो म्हने, "बंद भट्टीत बेताची आंच देतो, वर पाइप लावून धूर छपराच्या भाईर सोडतो. मंग बारीक भुकटी हवेनं मारतो, खालच्या धातूले ओरखडा येत नाही."

"धूर तर निघत नाही त्याचा," मी म्हटलं.

"दिसत नाही, काका. पन लय वाईट. मानसाले हुडहुडी भरून ताप येते, दोन दिवसात उतरते. पाखरू मात्र जागेवर मरते. आमच्या शेडमधी चिमनीलेबी घरटं करू देत नाही."

इतके वर्ष मी मनाले सांगत होतो का राघू म्हातारा होता.

दुसऱ्या दिवशी मी सायकल काढली. मावशीले सांगाचं होतं का म्हातारपन नव्हतं, मीच होतो, आन् तुमी इचारलं होतं भाईर टांगू का म्हनून. गावात गेलो तर तिच्या दाराले कुलूप. शेजारच्यानं सांगितलं, मावशी दिवाळीतच वारली. घर पुतन्याच्या हाती गेलं, भांडे वाटल्या गेले. तवा कोनी नेला, त्याले माहीत नव्हतं.

मी कुलूपापाशी उभा राहिलो. सांगाचं तोंडात आलं होतं, ते तोंडातच राहिलं. तेवढ्यात सडकेवर चारची एसटी आली, भोंगा वाजला. मी दोन्ही हातानं तोंड दाबून धरलं. गळ्यात ते हाललं, चांगलंच हाललं. भाईर येऊ देल्लं नाही. पन भिंतीच्या पलीकडून ओ येते का, हे मात्र मी आयकत राहिलो, एसटी दूर जाईपर्यंत.

आताबी चार वाजता गळा हालते. लोकं म्हनतात म्हाताऱ्याले ढास लागली.

आत्ता हे सांगता सांगता माझं बोट खाटेच्या पाटीवर ठोकून राहिलं होतं. सुनेनं पाहिलं. म्हने, "बाबा, हे काय ठोकता? रोजच ठोकता." मी म्हटलं, ते तव्यावरचं नाव. तिनं वहीचं पान फाडून पुढं ठेवलं, पेन देल्ला. मी दोन विसा आन् सात टिंबं काढले. तिनं टिंबाले टिंब जोडलं. तिच्या तोंडावरून समजलं का वाचता आलं. इतके वर्ष माझ्या बोटात जे होतं ते तिनं एका नजरेत वाचलं. ते सांगाले तिनं तोंड उघडलं.

मी म्हटलं, "मोठ्यानं नको म्हनू, बाई. म्हटलं तर कोनाले तरी ओ द्यावं लागन."